सात-बारा कोरा झाला, पत कोरी कोण करणार?



बँकेच्या दारातून शेतकऱ्याला परत पाठवायचे तर पूर्वी साहेबाला काहीतरी कारण शोधावे लागे. फेरफार झालेला नाही, सोसायटीचा बेबाकी दाखला नाही, जामीनदाराची सही जुळत नाही, मोठे साहेब दौऱ्यावर आहेत. आता एवढे कष्ट पडत नाहीत. एक शब्द पुरतो: सिबिल. 'तुमचं सिबिल खराब आहे,' असे खिडकीमागचा पोरगा संगणकाकडे बघत सांगतो. ज्याच्या शब्दावर गावात बियाण्याची थैली उधार मिळते असा पन्नाशीचा माणूस मान खाली घालून बाहेर येतो. आपली पत गेली एवढेच त्याला समजते. कोणी ठरवले, कशावरून ठरवले, हे तो विचारत नाही आणि कोणी होऊन सांगतही नाही.

हे विचारायला शिकले पाहिजे, म्हणून हे लिहितो आहे.

'सिबिल रद्द करा' अशी घोषणा हल्ली मेळाव्यांत ऐकू येते. तिला टाळ्या पडतात, पडू द्या. पण ज्याच्याशी लढायचे ते काय आहे हेच ठाऊक नसेल तर घोषणा हवेत विरते. कपाशीवर किडीचा उपद्रव आहे की लाल्या आला आहे, हे पान उलटून न बघता जो पंप पाठीला लावतो, त्याचा औषधाचा खर्च तेवढा होतो. लाल्या फवारणीच्या कीटकनाशकाने जात नाही.

सिबिल म्हणजे कोण?

सिबिल ही सरकारी कचेरी नव्हे. 2000 साली 'क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो इंडिया लिमिटेड' या नावाची कंपनी निघाली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हा शब्द आला. आज तिचे नाव ट्रान्सयुनियन सिबिल आहे. तिच्यासारख्या आणखी तीन कंपन्या आहेत: इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि क्रिफ हाय मार्क. या धंद्यासाठी संसदेने 2005 साली कायदा केला. परवाना रिझर्व्ह बँक देते. 2015 साली रिझर्व्ह बँकेने कर्ज देणाऱ्या संस्थांना चारही कंपन्यांचे सभासद व्हायला सांगितले. म्हणजे तुमच्या खात्याचा उतारा एका ठिकाणी नाही, चार ठिकाणी असतो. पूर्वी ही माहिती महिन्याला जायची. 1 जानेवारी 2025 पासून ती निदान पंधरवड्याला गेली पाहिजे असा नियम झाला.

साधारण त्याच काळात, 2015 च्या सुमारास, ग्रामीण भागात कर्जदाराकडून बेबाकी दाखले मागू नका, त्याऐवजी या कंपन्यांचे अहवाल बघा, असेही बँकांना सांगण्यात आले. दाखल्यासाठी चार बँकांचे उंबरे झिजवायचे थांबावे, हा हेतू वाईट नव्हता. पण दाखला देणारा माणूस समोर होता, त्याच्याशी भांडता येत होते. आकड्याशी भांडायचे कसे, हे कोणी शिकवले नाही.

एक गोष्ट मनात पक्की ठेवा. या कंपन्यांचा माणूस तुमच्या शिवारात येत नाही. बँक जे लिहून पाठवते तेच त्यांच्या वहीत चढते. बँकेने चूक लिहिली तर ती चारही वह्यांत उतरते. म्हणून भांडण लावायचे ते आधी बँकेशी.

आकड्यात काय धरतात?

हा आकडा 300 ते 900 यांच्या दरम्यान असतो. नेमके सूत्र कंपन्या उघड करीत नाहीत, पण कोणत्या गोष्टी धरतात हे सांगतात. पहिली आणि वजनदार गोष्ट म्हणजे परतफेड वेळेवर झाली की नाही. अहवालात मागच्या 36 महिन्यांचा तक्ता असतो आणि कोणत्या महिन्यात खाते किती दिवस थकले होते ते त्यात दिसते. दुसरी गोष्ट, आज एकूण बाकी किती. तिसरी, कर्ज कोणत्या प्रकारचे आणि किती जुने. चौथी, अलीकडे किती ठिकाणी कर्जासाठी अर्ज केले. एका महिन्यात पाच बँका फिरलात आणि पाचांनीही तुमचा अहवाल काढला, तर हा माणूस पैशासाठी हातघाईवर आला आहे असा अर्थ यंत्र काढते. आपला अहवाल आपण स्वतः पाहिल्याने मात्र आकडा घटत नाही.

आता आपल्या माणसांना सहसा ठाऊक नसलेल्या गोष्टी. तुम्ही भावकीतल्या कोणाला जामीन राहिला असाल तर ते कर्ज तुमच्याही अहवालात दिसते. त्याने बुडवले तर डाग तुमच्यावरही येतो. हप्त्यावर घेतलेली मोटारसायकल, पोराने तुमच्या नावावर घेतलेला मोबाईल, ट्रॅक्टरची फायनान्स, सोनेतारण, हे सारे त्याच वहीत. घरच्या बाईने गटातून मायक्रोफायनान्सचे कर्ज काढले असेल तर तिच्या नावाची वही वेगळी आहे. आठवड्याचे हप्ते तुटले तर उद्या तिच्या नावावर शेळ्यांसाठी कर्ज मागताना ते आडवे येतील.

आणि काय धरत नाहीत? जमीन किती, विहिरीला पाणी आहे का, दावणीला बैल किती, याची नोंद तिथे नाही. सावकाराचे कर्ज नाही. कृषी सेवा केंद्राची उधारी नाही. इथे थोडे थांबून विचार करा. कापसाचा पैसा हातात आला की आपण आधी कोणाचे देतो? दुकानदाराचे, कारण पुढच्या खरिपात त्याच्याच दारात जायचे आहे. मग सावकाराचे, कारण तो दारात येतो. मग लग्न, दवाखाना, पोरांची फी. बँकेची पाळी शेवटी येते. म्हणजे ज्या देण्यावर गावातली पत उभी असते त्याची वहीत नोंद नाही, आणि ज्याची नोंद आहे ते आपण सर्वांत मागे ठेवतो. प्रामाणिक माणूस कागदावर बेइमान ठरतो तो बऱ्याचदा असा.

पाऊस आणि बाजार यांचा डाग माणसावर

माती परीक्षणाच्या पत्रकात नत्र, स्फुरद, पालाश लिहिलेले असते. यंदा पाऊस किती पडेल हे लिहिलेले नसते. म्हणून त्या पत्रकावरून कोणी शेतकऱ्याला आळशी ठरवत नाही. सिबिलच्या आकड्याचे नेमके तेच झाले आहे. आकडा एवढेच सांगतो की पैसे तारखेला आले नाहीत. का आले नाहीत, हे तो सांगत नाही. पण वाचणारा त्यावरून माणसाची नियत ठरवतो.

नोकरदाराचा पगार दर महिन्याला होतो, त्याचा हप्ता दर महिन्याला जातो. त्याने हप्ता चुकवला तर त्याच्या वागण्याबद्दल काही अंदाज बांधता येईल. कोरडवाहू कापूसवाल्याच्या हातात पैसा वर्षातून एकदा येतो, तोही वेच्यावेच्याने, आणि त्याचा आकडा ठरवतात दोघेजण: पाऊस आणि सरकार. 2017 साली गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली, सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात पाणी शेतात उभे राहिले. हे झाले निसर्गाचे. सरकारचे बघा. 2025-26 च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला 8,110 रुपये हमीभाव जाहीर केला. आणि त्याच सरकारने 19 ऑगस्ट 2025 पासून कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क काढले आणि पुढे मुदत वाढवून ती सूट 31 डिसेंबरपर्यंत चालू ठेवली, म्हणजे नेमकी आपली वेचणी बाजारात येण्याच्या काळात. ज्याला ॲपवरची नोंदणी, ओलाव्याचे टक्के आणि गाडीभाडे यांतून वाट काढून खरेदी केंद्र गाठता आले नाही, त्याने खेडा खरेदीवाल्याला हमीभावाच्या खाली कापूस घातला. मार्चमध्ये त्याच्याकडून बँकेचे पैसे पूर्ण भरले गेले नाहीत, तर वहीत नाव कोणाचे लागले? आयात शुल्क काढणाऱ्याचे नाही.

शेतकऱ्याचे कर्ज हा भाव पाडण्याच्या धोरणाचा परिणाम आहे, ही मांडणी शरद जोशींनी महाराष्ट्राला दिली. कर्ज धोरणाचे असेल, तर त्या कर्जाने पडलेला डागही धोरणाचाच आहे.

माफीने बाकी जाते, डाग राहतो

आता मुख्य मुद्दा. 'सात-बारा कोरा' ही आपली मागणी. तिच्या रेट्याने माफ्या झाल्या. 2008 च्या केंद्राच्या माफीत पाच एकरांची रेघ ओढली. ज्याच्याकडे आठ-दहा एकर होते पण पाण्याचा थेंब नव्हता, त्या वऱ्हाडातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला पूर्ण माफी मिळाली नाही. 2017 ला राज्याने दीड लाखापर्यंत दिली, 2019 ला दोन लाखांपर्यंत. प्रत्येक वेळी याद्या, अंगठे, तारखा, आणि महिनोन् महिने वाट पाहणे.

या वाट पाहण्यात वहीत काय घडते ते समजून घ्या. सरकारचा पैसा बँकेत पोचेपर्यंत खाते थकलेलेच असते आणि तसे कळवले जाते. पैसा आला की बाकी शून्य होते, पण मागचे थकलेले महिने पुसले जात नाहीत. पूर्ण रक्कम भरून बंद झालेल्या खात्यापुढे 'क्लोज्ड' लिहितात. बँकेने काही रक्कम सोडून हिशेब मिटवला तर 'सेटल्ड' लिहितात. बँकेने ते बुडीत म्हणून आपल्या ताळेबंदातून काढले असेल तर 'रिटन ऑफ' लिहितात. तिन्ही खात्यांत बाकी शून्यच असू शकते. पण पुढचा बँकवाला पहिल्याला खुर्ची देतो आणि दुसऱ्या-तिसऱ्याला दार दाखवतो. ही माहिती कंपन्यांनी किमान सात वर्षे जपून ठेवायची असते. शेतकरी घरी पेढे वाटतो, सात-बारावरचा बोजा उतरला म्हणून. त्याच्या नावापुढचा डाग उतरलेला नसतो.

मोठ्यांचे कसे चालते तेही बघा. 8 जून 2023 च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने तडजोडीने कर्ज मिटवण्याचे नियम घातले. त्यात जाणूनबुजून कर्ज बुडवणाऱ्यांशीही बँकेला तडजोड करता येते. शेतीबाहेरच्या कर्जात तडजोडीनंतर निदान 12 महिने थांबायचे, मग नव्या कर्जाचा विचार होऊ शकतो. शेतीकर्जात किती थांबायचे? ते ज्या त्या बँकेने आपल्या धोरणात ठरवायचे. कारखानदाराला निदान मोजायला महिने दिले. शेतकऱ्याला बँकेच्या मर्जीवर सोडले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आपण आपल्याच माणसांची फसवणूक करू. निवडणूक जवळ आली की पुढारी सांगतो, 'भरू नका, माफी येते आहे.' त्याच्या भाषणाची तारीख वहीत लागत नाही, तुमच्या थकलेल्या महिन्यांची लागते. ज्याला भरणे शक्य आहे त्याने अशा भाषणावर विसंबून थकबाकीत जाऊ नये. हिशेब करा. समजा, एक लाखाचे पीककर्ज आहे. ते तारखेत भरले तर केंद्राची 3 टक्के सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजनेची सवलत मिळून तीन लाखांपर्यंतच्या कर्जाला व्याज जवळजवळ शून्य पडते. तारीख चुकली की 7 टक्क्यांच्या हिशेबाने वर्षाचे सात हजार अंगावर येतात आणि पुढे बँकेचा चढा दर लागतो. त्याच माणसाच्या घरात वीस क्विंटल कापूस पडून आहे आणि भाव तीनशेने वाढेल म्हणून तो थांबला. वाढला तरी सहा हजारच मिळाले. न वाढला तर दोन्हीकडून गेले. ज्याच्याकडे पैसाच नाही त्याला हा हिशेब लागू नाही, त्याच्यासाठी तर लढा आहे. पण ज्याच्याकडे थोडा आहे, त्याने 31 मार्च किंवा बँकेने दिलेली जी तारीख असेल ती विसरू नये.

आणखी एक फरक ध्यानात ठेवा. कपाशी, ज्वारी यांसारख्या कमी मुदतीच्या पिकांचे कर्ज दोन पीक-हंगाम थकल्यावर बँकेच्या भाषेत अनुत्पादक ठरते. मोटारसायकलचे किंवा दुकानातल्या वस्तूचे कर्ज मात्र 90 दिवसांत ठरते. म्हणजे पीककर्जाला हंगामाचा थोडा तरी आधार आहे, हप्त्याच्या गाडीला नाही. आपल्या कितीतरी पोरांची वही पीककर्जाने नव्हे, गाडीने बिघडते.

तोंडी दमाने भागत नाही

2024 आणि 2025 साली राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकांत सरकारने बँकांना बजावले की पीककर्जासाठी सिबिलची सक्ती करू नका. वर्तमानपत्रांत मथळे आले. शाखेत काय झाले? साहेब आता 'सिबिल' हा शब्द उच्चारत नाहीत, 'बघू, वरून मंजुरी यायची आहे' म्हणतात. बैठकीतला दम कागदावर आला नाही तर त्याची शाखेत काही किंमत नसते.

कागदावर जे आहे ते आपण वापरत नाही. किमान अमुक आकडा असलाच पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही. पूर्वी कधी कर्ज घेतले नाही एवढ्याच कारणाने पहिला अर्ज फेटाळू नये असे बँकांना सांगितलेले आहे, आणि ही गोष्ट 2025 साली संसदेतही सांगण्यात आली. अर्जाची पोच देणे आणि नाकारला तर मुख्य कारण लेखी कळवणे हे बँकांवर बंधन आहे. 1 जानेवारी 2025 पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागायचे नाही. वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल प्रत्येक कंपनीकडून फुकट मिळतो, 2017 पासून. अहवालात चूक असेल तर तक्रार करा. ती 30 दिवसांत निकालात निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई देण्याचा नियम 26 एप्रिल 2024 पासून लागू झाला. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. 1 सप्टेंबर 2022 पासून या चार कंपन्याही त्याच्या कक्षेत आल्या आहेत. 'पाच हजार द्या, सिबिल नीट करून देतो' असे सांगणारा दलाल तालुक्याच्या गावी भेटेल. त्याला एक रुपयाही देऊ नका. खरी नोंद पैशाने पुसता येत नाही आणि खोटी नोंद पुसायला पैसे लागत नाहीत.

सिबिल पुरते बंद करा, असे मी म्हणणार नाही. वही नसली तर कर्ज ओळखीवर मिळेल, आणि साहेबाच्या ओळखीचे कोण असतात हे आपण पिढ्यान् पिढ्या पाहिले आहे. वही असावी, पण तिच्यात खरे लिहिलेले असावे. दुष्काळाला दुष्काळ म्हणावे, माफीला माफी म्हणावे. हे अशक्य नाही. नैसर्गिक आपत्तीमुळे पुनर्गठन, अशी वेगळी नोंद या वह्यांत करण्याची सोय आहे. बँक ती करते का, हे बघायला कोणी जात नाही.

म्हणून जिल्हा मेळाव्यापुढे हे ठराव ठेवतो आहे.

1. कर्जमाफीच्या आणि आपत्तीतील पुनर्गठनाच्या प्रत्येक शासन निर्णयात असे कलम असावे, की त्या काळातली थकबाकी कर्जदाराच्या पतनोंदीत त्याच्या विरुद्ध धरली जाणार नाही आणि बँक ठरावीक मुदतीत सुधारित नोंद चारही कंपन्यांना पाठवील.

2. 2017 आणि 2019 च्या योजनांत सरकारने ज्यांचे पैसे भरले त्यांच्या खात्यांवर 'सेटल्ड' किंवा 'रिटन ऑफ' असेल तर जिल्हा अग्रणी बँकेने शाखावार यादी काढून ते दुरुस्त करावे.

3. पीककर्जाचा अर्ज आला की पोच, नाकारला की लेखी कारण. जी शाखा देणार नाही तिचे नाव तहसीलदारांच्या आढावा बैठकीत वाचले जावे.

4. तडजोडीने मिटलेल्या शेतीकर्जानंतर किती महिन्यांत नवे कर्ज मिळेल, हे बँकांनी मराठीत शाखेच्या भिंतीवर लावावे.

ठराव हात वर करून मंजूर होतील. त्यांना वजन येईल ते कागदाने. पुढच्या तालुका बैठकीला प्रत्येक गावातून निदान पाच जणांनी आपापला अहवाल काढून आणावा. ज्यांना संगणक जमत नाही त्यांनी कॉलेजात जाणाऱ्या पोराला किंवा पोरीला बरोबर घ्यावे. अहवाल आला की तीन गोष्टी बघा: जी कर्जे तुम्ही घेतलीच नाहीत अशी काही आहेत का, फिटलेले खाते अजून चालू दिसते का, आणि माफीच्या खात्यापुढे कोणता शब्द आहे. जिथे चूक दिसेल तिथे लाल पेनाने खूण करा आणि खाते मिटल्याचे जे कागद घरात असतील ते बरोबर आणा. तक्रारीचे अर्ज आपण तिथेच बसून लिहू.